एक मॉल का झाला आणि शेकडो मॉल का झाले? साउथडेलची गोष्ट



सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: "अमुक गोष्टीची कारणे शोधणे हा या संशोधनाचा उद्देश आहे." माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. माझा विषय वनस्पतिशास्त्रातला, गाजरगवताचा. गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, "कशाची कारणं? ते आलं त्याची, की पसरलं त्याची?"

हा फरक मला नीट कळला तो मात्र गवतामुळे नाही, एका मॉलमुळे. कोर्सवर्कमध्ये आम्हा विज्ञानवाल्यांना दुसऱ्या शाखेतला एक शोधनिबंध वाचून वर्गात मांडायचा होता. माझ्या वाट्याला अमेरिकेतल्या शॉपिंग सेंटरवरचा निबंध आला. आधी कपाळाला आठ्या पडल्या, पण मग महिनाभर त्या विषयातून बाहेर येता आलं नाही. आज तीच गोष्ट सांगते. तुमच्यापैकी जे पेट देऊन विषय शोधत बसलेत, त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचा.

आधी सगळे सांगतात ती गोष्ट

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथल्या मिनिॲपोलिस शहराला लागून एडायना हे उपनगर. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे 'साउथडेल सेंटर' सुरू झालं. दोन कोटी डॉलर खर्च, ७२ दुकानं, सुमारे ८ लाख चौरस फूट जागा आणि ५,२०० गाड्यांचं पार्किंग. पहिल्या दिवशी सुमारे ७५ हजार लोक आले असं सांगतात.

लोक बघायला आले ते दुकानं नव्हेत, दुकानं त्यांच्या शहरात भरपूर होती. ते बघायला आले आतला चौक. वर उंच छप्पर, काचेतून येणारा उजेड, झाडं, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, हॅरी बर्टोइयाने केलेली धातूची सोनेरी झाडं, आणि बाराही महिने तेच तापमान, साधारण २४ अंश सेल्सिअस. मिनेसोटात हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज जातो आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. तिथे हा कायमचा वसंत ऋतू म्हणजे नवलच.

याचा वास्तुविशारद होता व्हिक्टर ग्रूएन. मूळ नाव व्हिक्टर ग्रूनबाउम, जन्म १९०३, व्हिएन्ना, ज्यू कुटुंब. दिवसा आर्किटेक्टचं काम आणि रात्री राजकीय टिंगलटवाळीचे नाट्यप्रयोग, असा माणूस. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ग्रूएन अमेरिकेला निघाला. न्यू यॉर्कमध्ये त्याने आधी दुकानांच्या दर्शनी भागांची कामं केली. रस्त्याने जाणारा माणूस थांबला पाहिजे, आत वळला पाहिजे, हे त्याचं कसब. १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ त्याचं 'नॉर्थलँड' हे प्रचंड शॉपिंग सेंटर सुरू झालं, पण ते उघड्यावर होतं, मधले रस्ते आकाशाखाली. छप्पर घालायचं धाडस त्याने साउथडेलला केलं.

का केलं? ग्रूएनचा हिशेब प्रसिद्ध आहे: मिनेसोटात खरेदीला बाहेर पडावं असे दिवस वर्षात फक्त १२६. उरलेल्या दिवसांत एकतर थंडी, नाहीतर पाऊस, नाहीतर उकाडा. म्हणून छप्पर. गोष्ट संपली.

किती छान गोष्ट आहे बघा. एक हुशार माणूस, एक अडचण, एक उपाय. अशी गोष्ट सापडली की आपण खूश होतो आणि प्रस्तावनेत टाकून मोकळे होतो. आता तिला जरा हलवून बघू.

'पहिला' हा शब्द जपून वापरा

साउथडेलला जगातला पहिला बंदिस्त मॉल म्हणतात. पण मिलानमधली काचेच्या छपराची गॅलेरिया एकोणिसाव्या शतकातली, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं आर्केड १८९० चं. तुम्ही म्हणाल, ते शहराच्या मध्यावर होतं, उपनगरात नाही. बरोबर. पण विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटनचं 'व्हॅली फेअर' साउथडेलच्या आधी सुरू झालं, आणि पहिला मान आपला असं तिथले लोक सांगतात.

मग साउथडेलचं खरं वेगळेपण कशात? माझ्या मते ते तीन गोष्टी एकत्र येण्यात आहे. पहिली, दुकानांची तोंडं आतल्या बाजूला वळवली. बाहेरून बघाल तर कोऱ्या भिंती आणि गाड्या, सगळी चमकधमक आत. दुसरी, दोन मजले. पार्किंगही वेगवेगळ्या उंचीवर ठेवलं, म्हणजे निम्मे लोक खालच्या मजल्यावर थेट येतील, निम्मे वरच्या, आणि वरचं दुकान ओस पडणार नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात धाडसाची. मालक होते मिनिॲपोलिसचे 'डेटन्स' डिपार्टमेंट स्टोअरवाले. त्यांनी आपल्या दुकानासमोर आपल्याच स्पर्धकाला, 'डोनाल्डसन्स'ला, जागा दिली. दोन टोकांना दोन मोठी दुकानं, आणि गिऱ्हाईक एकातून दुसऱ्यात जाताना मधल्या छोट्या दुकानांसमोरून जाणार. आज आपल्याकडचा कुठलाही मॉल बघा, एका टोकाला मोठं कपड्यांचं दुकान, दुसऱ्या टोकाला सुपरमार्केट किंवा मल्टिप्लेक्स. तेच गणित.

तेव्हा संशोधनात 'पहिला' लिहिण्यापेक्षा 'ज्याची नक्कल झाली तो' असं लिहिलं तर जास्त खरं ठरतं. नॉर्थलँडपेक्षा आणि व्हॅली फेअरपेक्षा साउथडेलच्या ठशाची नक्कल जास्त झाली. आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो. नक्कल का झाली?

हवामानाचं कारण कुठे फसतं

थंडी हेच कारण असेल तर बंदिस्त मॉल थंड प्रदेशातच व्हायला हवे होते. पण १९५८ मध्ये मेरीलँडमध्ये 'हारंडेल' झाला. १९६१ मध्ये ॲरिझोनातल्या वाळवंटी फीनिक्स शहरात 'क्रिस-टाउन' झाला. ठीक आहे, तिथे उन्हापासून बचाव म्हणू. पण १९६७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात, जिथे हवा जवळजवळ वर्षभर आल्हाददायक असते, तिथेही 'साउथ कोस्ट प्लाझा' बंदिस्तच बांधला गेला. तोही ग्रूएनच्याच कार्यालयाने. १२६ दिवसांचा हिशेब तिथे कुठे लागू पडतो?

मग दुसरं कारण पुढे येतं: मोटारी आणि उपनगरं. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळालं, शहराबाहेर घरं झाली, गाड्या आल्या, रस्ते आले. हे खरंच आहे. ग्राहक उपनगरात गेला म्हणून दुकान त्याच्या मागे गेलं. पण एक गोष्ट खटकते. उपनगरं १९४५ पासून झपाट्याने वाढत होती, मोटारी तर १९२० च्या दशकापासून होत्या. मग मोठ्या शॉपिंग सेंटरांचा पूर आला तो नेमका १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरच का?

मी वर्गात मांडला तो निबंध याच खटक्यातून निघालेला आहे. लेखक थॉमस हँचेट, वर्ष १९९६, 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'. त्याचं उत्तर ऐकून वर्गात कॉमर्सची एक मैत्रीण एकदम सरसावून बसली. उत्तर होतं: घसारा.

घसाऱ्याचं गणित

ज्यांना घसारा म्हटलं की झोप येते त्यांनी दोन मिनिटं दम धरा.

इमारत जुनी होते, तिची किंमत घटते. ही घट खर्च म्हणून दाखवता येते आणि तेवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही. समजा ४० लाखांची इमारत आहे आणि आयुष्य ४० वर्षं धरलंय. सरळ पद्धतीने दरवर्षी १ लाख घसारा. पाच वर्षांत ५ लाख.

१९५४ मध्ये अमेरिकेने करकायदा बदलला. कारखान्यांनी नवी यंत्रं घ्यावीत, अर्थव्यवस्थेला गती यावी, हा हेतू. त्यात नव्या बांधकामाला घटत्या शिलकीच्या पद्धतीने दुप्पट दराने घसारा घ्यायची मुभा मिळाली. आपल्या उदाहरणात दर अडीच टक्क्यांवरून पाच टक्के होतो, आणि तो दरवर्षी उरलेल्या रकमेवर लावायचा. पहिल्या वर्षी २ लाख, दुसऱ्या वर्षी १ लाख ९० हजार, असं करत पाच वर्षांत साधारण ९ लाख. म्हणजे जवळजवळ दुप्पट वजावट, तीही सुरुवातीच्या वर्षांत.

इमारत प्रत्यक्षात भाडं कमावतेय, पण कागदावर तोटा दिसतोय. हा तोटा मालक आपल्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा करू शकत होता. काही वर्षांनी वजावट आटली की इमारत विकायची आणि नवी बांधायची. डॉक्टर, वकील, व्यावसायिक, ज्यांचा दुकानदारीशी काही संबंध नाही, त्यांनाही शॉपिंग सेंटरमध्ये पैसे घालणं परवडू लागलं.

यातले दोन बारकावे फार महत्त्वाचे आहेत. घसारा इमारतीला मिळतो, जमिनीला नाही. शहराच्या मध्यावर जमीन महाग, म्हणजे गुंतवणुकीतला मोठा भाग घसाऱ्याबाहेर. उपनगरातलं शेत स्वस्त, म्हणजे जवळजवळ सगळा पैसा इमारतीत. आणि पूर्ण सवलत नव्या बांधकामाला, जुन्याची डागडुजी करणाऱ्याला तसा फायदा नाही. त्यामुळे कुठल्याही खासदाराने 'जुना बाजार मोडा' असं म्हटलेलं नसताना कायद्याचा कल मात्र त्याच दिशेला झुकला.

आता तारखा तपासा

इथे मला वाटलं, झालं, सापडलं कारण. सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाइडवर मी ठोकून दिलं: "साउथडेल करसवलतीमुळे उभा राहिला." मागच्या बाकावरून एका सिनियरने शांतपणे विचारलं, "साउथडेलची घोषणा कधी झाली?"

घोषणा झाली होती १९५२ मध्ये. नवा करकायदा लागू झाला ऑगस्ट १९५४ मध्ये. कार्य आधी आणि कारण नंतर! मी स्टेजवर गप्प.

घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की हँचेटचा दावा तसा नव्हताच. तो एका मॉलबद्दल बोलत नव्हता, लाटेबद्दल बोलत होता. चूक माझी होती. मी लाटेचं कारण एका थेंबाला चिकटवलं. आणि ग्रूएनची लोकप्रिय गोष्ट सांगणारे याच्या उलट करतात, एका थेंबाचं कारण अख्ख्या लाटेला चिकटवतात.

साउथडेल का झाला? डेटन कुटुंबाकडे भांडवल होतं, ग्राहक शहराबाहेर जाताना त्यांना दिसत होता, मिनेसोटाची हवा वाईट होती आणि ग्रूएनसारखा पटवून देणारा माणूस भेटला. साउथडेलसारखे शेकडो का झाले? करकायदा, १९५६ चा महामार्ग कायदा, घरकर्ज, स्वस्त जमीन. पहिल्या प्रश्नाला माणसं लागतात, दुसऱ्याला नियम आणि आकडे.

आता माझं गाजरगवत बघा. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्यात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली हे खरं. पण भारतातल्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीही संशोधकांनी दाखवल्या आहेत. मग गहू निर्दोष का? तसंही नाही. आधी कुठेतरी चार रोपं असणं आणि नंतर सगळ्या पडीक जमिनीवर पसरणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. पेन्सिलने लिहिलेला तो प्रश्न मला तेव्हा समजला.

ग्रूएनला काय हवं होतं

एवढ्यावर थांबलो तर या गोष्टीतलं दुखणं राहून जाईल. ग्रूएनला मॉल बांधायचाच नव्हता, त्याला गाव वसवायचं होतं. व्हिएन्नासारखं, जिथे माणूस चालत जाईल, चौकात बसेल, ओळखीचं कोणी भेटेल. डेटन्सनी एडायनाला ४६३ एकर जमीन घेतली होती. ग्रूएनच्या आराखड्यात मॉलभोवती घरं, अपार्टमेंट, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं सगळं होतं. मॉल हा त्या गावाचा फक्त चौक.

चौक झाला, गाव झालं नाही. मॉल सुरू होताच आसपासच्या जमिनीचे भाव चढले आणि मग जिथे जे विकलं जाईल ते आलं. सिम्फनी वाद्यवृंदाचा वार्षिक नृत्यसमारंभ आतल्या चौकात व्हायचा, लोक नुसते फिरायलाही यायचे, हे खरं. पण तिथे पोहोचायला गाडीच लागायची. फ्रँक लॉइड राइट उद्घाटनानंतर काही दिवसांनी बघायला आला आणि त्याने चक्क नावं ठेवली. गावच्या रस्त्याचा त्रास इथे आहे, गोडवा नाही, अशा अर्थाचं तो बोलला.

ग्रूएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला. तिथे शहराच्या दक्षिणेला १९७० च्या दशकात एक प्रचंड शॉपिंग सेंटर उभं राहिलं आणि जुन्या दुकानांच्या पोटावर पाय येताना त्याला बघावं लागलं. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने जाहीर सांगितलं की या अनौरस पोरांची पोटगी मी देणार नाही. १९८० मध्ये तो गेला.

चौकाचा अजून एक पेच आहे, तो मालकीचा. ज्या अंकात हँचेटचा निबंध आहे त्याच अंकात लिझाबेथ कोहेन यांचाही आहे, न्यू जर्सीतल्या शॉपिंग सेंटरांवर. त्या विचारतात, बाजाराची जागा खासगी झाली तर तिथे पत्रकं वाटायचा, निदर्शनं करायचा हक्क कोणाचा? मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, साउथडेलपासून जवळच असलेल्या 'मॉल ऑफ अमेरिका'च्या खटल्यात, मॉल ही खासगीच जागा आहे असा निकाल दिला. मुंबईत १९९९ मध्ये हाजी अलीला 'क्रॉसरोड्स' सुरू झाला तेव्हा गर्दी आवरायला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल असलेल्यांनाच मोफत प्रवेश, बाकीच्यांना तिकीट, असा नियम काही काळ होता. बाजारात शिरायला तिकीट! हा तिसरा प्रश्न: आत कोण येऊ शकतं? त्याचं उत्तर ना हवामानात आहे ना घसाऱ्यात.

एकच वस्तू, तीन प्रश्न. म्हणूनच एका अंकात एकाच विषयावर दोन संशोधक लिहितात आणि कोणी कोणाची नक्कल करत नाही.

शेवटी काय झालं

साउथडेल आजही उभा आहे. १९९२ मध्ये मॉल ऑफ अमेरिका आला, मग ऑनलाइन खरेदी आली, मोठी दुकानं एकेक करून गेली. डेटन्सवाल्यांनी १९६२ मध्ये सुरू केलेलं स्वस्त दुकान, 'टार्गेट', मूळ कंपनीपेक्षा मोठं झालं आणि शेवटी कंपनीचं नावच ते झालं. साउथडेलमध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी व्यायामशाळा आली. आणि गेल्या दशकात त्याच्या पार्किंगच्या जागेवर अपार्टमेंट उभी राहिली. ग्रूएनच्या कागदावर असलेली घरं साठ वर्षांनी आली, पण तीही त्याच्या स्वप्नासाठी नव्हे. रिकामं पार्किंग मालकाला परवडेना म्हणून आली.

तुमचा विषय मॉल नसेल. साखर कारखाना असेल, बचत गट असेल, एखादं पिकाचं वाण असेल. पण सिनॉप्सिस पाठवण्याआधी 'कारणे' या शब्दावर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा: मी पहिल्या कारखान्याबद्दल विचारतेय की शंभर कारखान्यांबद्दल? मग कारण म्हणून जे लिहिलंय त्याची तारीख आणि परिणामाची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर त्या दिवशी वर्गासमोर गप्प उभं राहावं लागलं नसतं.

त्या सिनियरचे आभार मी अजून मानलेले नाहीत. हा लेख त्याला पाठवते आहे.